शंका आल्यास इंग्रजी प्रश्न ग्राह्य : कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू महोदय,

या विषयावरची माझी पाच पत्रे आपल्या परीक्षा विभागात पडून आहेत. पाचही पत्रांना आवक क्रमांक मिळाला, उत्तर एकालाही मिळाले नाही. म्हणून हे सहावे पत्र सर्वांसमक्ष लिहितो आहे.

एम. ए. राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत, प्रश्न तिसरा, गुण 15. मराठीत छापलेला प्रश्न असा : ‘अराजकता राज्याच्या वर्तणुकीला कसा आकार देते?’ इंग्रजी प्रश्नात ‘आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतील’ हे शब्द होते. मराठीत ते गळाले आणि सगळा अर्थच बदलला. आमच्या मुलांसाठी राज्य म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक, मणिपूर. अराजक म्हणजे दंगल, जाळपोळ, कायदा कोलमडणे. माझ्या वर्गात 34 विद्यार्थी, मराठीतून लिहिणारे 29. त्यांतल्या 21 जणांनी हा प्रश्न सोडवला आणि 14 जणांनी राष्ट्रपती राजवटीवर उत्तर लिहिले. या 14 जणांपैकी कोणालाही 15 पैकी 3 च्या वर गुण नाहीत. त्यातले 9 जण या विषयात नापास झाले. इंग्रजीतून लिहिणारे पाचही पास आहेत.

एका मुलीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत आम्ही पैसे भरून मागवली. साडेचार पाने लिहिली आहेत. कलम 356, 1994 चा बोम्मई खटला, राज्यपालांचा अहवाल, सगळे मुद्दे पट्टी लावून अधोरेखित केलेले. तिच्यासमोर जो प्रश्न होता, त्याचे हे उत्तम उत्तर आहे. परीक्षकाने समासात लाल शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारून 2 गुण दिले आहेत. महोदय, विषयांतर तिने केलेले नाही, आपल्या प्रश्नपत्रिकेने केले आहे.

त्याच प्रश्नपत्रिकेत पाचव्या प्रश्नात ‘सत्तेची शिल्लक’ असा शब्दप्रयोग आहे. सत्तासमतोल हा शब्द मराठीत कधीचा रुळलेला आहे. शिल्लक बँकेच्या पासबुकात असते. ज्याने राज्यशास्त्राचे एक पुस्तक जरी मराठीतून वाचले असेल, त्याच्या हातून हे होणार नाही. याचा अर्थ, विषय जाणणाऱ्या माणसाने हा अनुवाद केला नाही आणि छपाईपूर्वी कोणी वाचलाही नाही. आणि पहिल्याच पानावर सूचना आहे, शंका आल्यास इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरावा. ज्याला इंग्रजी नीट येत नाही म्हणून जो मराठी माध्यम घेतो, त्यालाच आपण सांगता की चूक आमची, पण ती इंग्रजीत शोधून काढण्याची जबाबदारी तुझी.

आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतील अराजकतेचा मुद्दा मी वर्गात कसा शिकवतो ते सांगतो. गावात बांधावरून भांडण झाले तर पोलीस पाटील आहे, तहसील आहे, कोर्ट आहे. दोन देशांत भांडण झाले तर वर कोण? सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला तरी तो अमलात आणायला त्याच्याकडे पोलीस नाही. म्हणजे गोंधळच असतो असे नव्हे, सर्वांच्या डोक्यावर दंडधर नसतो, इतकेच. वॉल्ट्झने 1979 मध्ये सिद्धांत मांडला तो या स्थितीवर. मात्स्यन्याय हा शब्द उच्चारला की मागच्या बाकावरच्या मुलालाही अर्धी गोष्ट उमगते, उरलेली अर्धी म्हणजे हॉब्ज आणि कौटिल्य यांच्यातला फरक. तो समजावायला एक तास पुरतो. भाषा तोकडी पडत नाही.

ती कधीच तोकडी नव्हती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, तो कारभारातले फार्सी शब्द बाजूला सारून नवे शब्द घडवण्यासाठीच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांचे प्रकरण आहे. हे लोक व्यापारी दिसतात, पण त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, तेव्हा त्यांना किनाऱ्यावर पक्के ठाणे देताना जपावे, असा त्याचा रोख आहे. हा आंतरराष्ट्रीय संबंधांचाच धडा आहे आणि तो अठराव्या शतकाच्या आरंभी मराठीत लिहिला गेला. र. पं. कंगले यांची कौटिल्याच्या अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1965 या काळात मुंबई विद्यापीठाने काढली. भाषा संचालनालयाचा राज्यशास्त्राचा परिभाषा कोश आहे. तो उघडायला परीक्षा विभागाला दहा मिनिटेही लागली नसती.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2023 मध्ये सर्व विद्यापीठांना लिहिले की विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेतून उत्तरे लिहू द्या. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध या वैकल्पिक विषयाचे एकूण 500 गुणांचे दोन पेपर मराठीतून लिहिता येतात. त्या तयारीच्या आशेनेच निम्मी मुले माझ्याकडे येतात. इकडे आपल्या वाचनयादीत कार, मॉर्गेन्थाऊ, वॉल्ट्झ, बुल सगळे इंग्रजीत, आणि आमच्या ग्रंथालयात त्यांपैकी एकाचेही पुस्तक मराठीत नाही. मुले एस. टी. स्टँडजवळच्या दुकानातून गाइड आणतात. त्यांना मी काय बोलू?

राजकीय सिद्धांताच्या पेपरात आपण जॉन रॉल्स शिकवायला सांगता. त्याचा 1971 चा अज्ञानाचा पडदा मुलांना फार आवडतो. नियम करणाऱ्याने स्वतःची जागा ठाऊक नाही असे समजून नियम करावा. ‘इंग्रजी प्रश्न ग्राह्य’ ही सूचना ज्यांनी लिहिली, त्यांना आपण मराठी रकाना वाचणार की इंग्रजी हे ठाऊक नसते, तर त्यांनी ती लिहिली असती का?

त्या 14 उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घ्या, मराठी प्रश्नाचे उत्तर म्हणून तपासा. येत्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेचा मराठी मजकूर विषयाच्या शिक्षकाकडूनच करून घ्या. मी विनामोबदला करायला तयार आहे, हे तिसऱ्या पत्रातही लिहिले होते. आणि ती सूचना काढून टाका.

साडेचार पाने लिहिणाऱ्या त्या मुलीने पुनर्परीक्षेचे शुल्क काल भरले. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
राज्यशास्त्राचा एक शिक्षक