चार ओळींचा प्रोग्राम आणि मराठी मजकूर

पायथन, पर्ल, जावास्क्रिप्ट यांसारख्या स्क्रिप्टिंग भाषा, म्हणजे ज्यांतील प्रोग्राम आधी स्वतंत्रपणे कंपाइल न करता थेट चालवता येतो अशा भाषा, मुख्यतः रोजच्या किरकोळ कामांसाठी हाताशी धरल्या जातात: नावांची यादी क्रमाने लावणे, मजकुरातले शब्द सुटे करणे, रकान्यातील आकड्यांची बेरीज करणे. या कामांची तयार उत्तरे रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली असल्यामुळे मराठी किंवा तेलुगू मजकूर पुढे येताच त्यांतील कित्येक चुकतात, आणि तेही बहुधा निमूटपणे.

हैदराबादच्या अभ्यासकांना ही अडचण नवी नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या येथील आयआयआयटीमध्ये भाषातंत्रज्ञानाचे जे काम झाले, त्यात मजकूर आधी 'डब्ल्यूएक्स' या रोमन लेखनपद्धतीत बदलून घेण्याचा प्रघात होता. या पद्धतीत प्रत्येक वर्णाला एकच रोमन अक्षर मिळते, 'त'साठी डब्ल्यू आणि 'द'साठी एक्स, आणि व्यंजनातला अंगभूत 'अ'ही वेगळा लिहिला जातो. त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास झाला तरी शब्दाचा प्रत्यय तोडणे जुन्या साधनांनाही सहज जमे. त्या काळी ही तडजोड शहाणपणाचीच होती. आता युनिकोड सर्वत्र रुळल्यावर तिची गरज संपली असे समजले जाते. प्रत्यक्षात अडचणीने फक्त जागा बदलली आहे.

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत 'ज्ञानेश्वरी' या शब्दाची लांबी अकरा भरते, कारण तेथे काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त चिन्ह असे सगळेच स्वतंत्र मोजले जाते. वाचकाला मात्र चारच अक्षरे दिसतात. याहून घातक प्रकार शब्द सुटे करताना घडतो. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातील आकृतिबंध शोधण्याची सूत्रभाषा, हिच्यात 'शब्दातील वर्ण' दाखवणारे एक संक्षिप्त चिन्ह असते आणि पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्ये त्याच्या कक्षेत स्वरचिन्हे येत नाहीत. परिणामी 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हाती येतात. पर्लमध्ये हेच चिन्ह स्वरचिन्हांनाही सामावून घेते. आकड्यांची कथा उलटी आहे: '१२३' ही अंकमाला पायथन बिनतक्रार संख्या म्हणून स्वीकारतो, जावास्क्रिप्ट ती संख्याच नाही असे सांगते, तर पर्ल तिचे मूल्य शून्य धरून बेरीज पुढे नेतो. तिघांत शेवटचे वर्तन सर्वांत धोक्याचे, कारण हिशेब चुकल्याचा सुगावा ताळेबंद जुळेनासा झाल्यावरच लागतो.

क्रमवारीबाबत तर युनिकोडची तक्तावारीच मराठीला परकी आहे. तीत 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो, मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. त्यामुळे साध्या क्रमवारीत 'काळे' हे आडनाव 'कावळे' आणि 'कासार' यांच्या आधी जाऊन बसते. आयसीयू या लायब्ररीतील मराठीचे नियम वापरले की हा दोष जातो. तसा तयार इलाज 'शेतकऱ्यांना' या शब्दाला नाही: त्यातील अर्धा र काही कळफलक 'ऱ' घेऊन, तर काही 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन उमटवतात, पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु तुलनेत ती भिन्न ठरतात आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ते रूपांतर शोध घेण्यापूर्वी स्वतःच लिहावे लागते.

हे सारे उपाय चार-सहा ओळींचे आहेत, तरीही प्रत्येक कचेरीत ते नव्याने आणि अर्धवट लिहिले जातात. याचे कारण भाषेची उणीव नसून चाचण्यांतले नमुने हे आहे. ज्यांच्या हाती अशा प्रोग्रामांची देखभाल आहे, त्यांनी 'काळे', '१२३' आणि दोन्ही रूपांतील 'शेतकऱ्यांना' हे नमुने तेलुगूतील जोडीदारांसह आपल्या चाचण्यांत घालावेत, ही विनंती.