लोहाराच्या हातातली विद्या

सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले, पायात शिसे ओतले, हे आपण शाळेपासून पाठ करीत आलो. मालवणचे कोणतेही पोर हे झोपेतही सांगेल. पण त्या तटावर पहारा करणाऱ्या शिपायाच्या हातात जी बंदूक होती, ती कुणी घडवली आणि ती घडवायला काय काय यावे लागे, हा प्रश्न मी आजवर एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. आपला इतिहास किल्ले बांधवणाऱ्यांचा आहे, लढणाऱ्यांचा आहे. घडवणाऱ्यांचा मात्र नाही. या लेखात मला एवढेच म्हणायचे आहे की ही उणीव आता भरून काढली नाही, तर पुढे ती भरून काढता येणार नाही.

आपल्या जिल्ह्यात बंदूक ही केवळ वस्तुसंग्रहालयातली चीज नाही. माकडे, रानडुकरे आणि गवे यांच्यापासून भात, नारळ, केळी राखण्यासाठी शेतीसंरक्षणाचे परवाने इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांतल्या कितीतरी बंदुका ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर छर्रे किंवा गोळी, आणि गजाने ठासायचे, म्हणून ती ठासणीची. निवडणुका आल्या की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. त्यावरून वाद झाले, प्रकरण कोर्टात गेले आणि २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करू नका, छाननी करून ठरवा. म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत पोचले. घडवणाऱ्याचे गाऱ्हाणे गावच्या चावडीपर्यंतसुद्धा पोचलेले नाही.

ही विद्या आपल्याकडे कालपरवाची नव्हे. १५१० साली गोवा जिंकल्यावर आल्बुकर्कने आपल्या राजाला जी पत्रे पाठवली, त्यांत गोव्याच्या बंदूक करणाऱ्या कारागिरांना त्याने बोहेमियाच्या कारागिरांच्या पंक्तीला बसवले आहे. बोहेमिया म्हणजे त्या काळी युरोपात या कामासाठी नावाजलेला मुलूख. आणि हे गोव्याचे लोहार कुठले? तेरेखोलच्या खाडीपलीकडचे, आपल्या शेजारचे. पुढे तोड्याच्या बंदुकीनंतर चकमकीची बंदूक आली. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉइनच्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या एका स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि चकमकीच्या बंदुका घडवल्या जात. द बॉइनचे नाव पुस्तकात आहे, सँगस्टरचेही आहे. भाता ओढणाऱ्याचे आणि घण मारणाऱ्याचे नाव कुठल्याही पानावर नाही. आल्बुकर्कनेही कारागिरांची तारीफ केली, पण आज आपण त्यांतल्या एकालाही नावाने ओळखत नाही.

हे काम किती अवघड, ते थोडे सांगते. आधी नळी. लोखंडाची पट्टी लालभडक तापवून सळईभोवती गुंडाळायची, पुन्हा पांढरी होईपर्यंत तापवायची आणि घणाने ठोकून सांधा असा जुळवायचा की तो दिसूही नये. एका ठिकाणी जरी सांधा कच्चा राहिला, तरी बार काढताना नळी फुटून काढणाऱ्याच्याच तोंडावर यायची. मग नळी आतून कोरून गुळगुळीत करायची. ती सरळ आहे की नाही हे पाहायला आतून दोरा ताणून धरायचा आणि उजेडाकडे डोळा लावायचा. मागचे तोंड आटे पाडलेल्या खुंटीने बंद करायचे. त्यानंतर चकमकीचा कळसूत्री भाग. घोड्याच्या जबड्यात गार बसवलेली असते. चाप ओढला की घोडा पोलादी पत्र्यावर आपटतो, ठिणग्या रंजकावर पडतात आणि आग बारीक भोकातून नळीत शिरते. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे सगळे व्हायला हवे, आणि ते अवलंबून असते एका कमानीवर. कमानीला पाणी जास्त दिले तर ती काचेसारखी तुटते, कमी दिले तर मरगळते. किती तापवायचे ते लोहार लोखंडाच्या रंगावरून ओळखतो. हा रंग पुस्तकात छापता येत नाही. तो आगटीशेजारी बसूनच शिकावा लागतो. एकोणिसाव्या शतकात गारेच्या जागी केप आली, पण नळी आणि कमान यांची विद्या तीच राहिली.

आमच्या शेजारच्या गावी एक वृद्ध लोहारकाका आहेत. आज ते कोयते, विळे, फाळ यांना धार लावतात. नळीविषयी मी विचारले, तेव्हा ते आधी दाराकडे बघून आले, मग म्हणाले, "नळी वाकडी आसली तर नेम खयसून सरळ येतलो गो चेडवा?" पुढे त्यांनी दोरा कसा धरायचा ते हाताने करून दाखवले. त्यांनी स्वतः कधी बंदूक केली का, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. पण ते दाराकडे बघणे माझ्या मनातून जात नाही. साठ वर्षे लोखंडाशी प्रामाणिक राहिलेल्या माणसाला आपल्या विद्येबद्दल बोलताना दाराकडे का बघावे लागते?

याचे उत्तर कायद्यात आहे. इंग्रजांनी १८७८ चा हत्यारांचा कायदा केला, त्यानंतर परवान्याशिवाय बंदूक बाळगणे आणि घडवणे हा गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतर आपण १९५९ चा कायदा केला आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याशिवाय बंदूक घडवणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. हा कायदा चुकीचा आहे, असे मी म्हणत नाही. रात्री शिकारीला गेलेल्या माणसाला साथीदाराचीच गोळी लागल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यातही येतात. चोरटी शिकार करणारे गवा पाहत नाहीत की साळिंदर पाहत नाहीत. १९७२ चा वन्यजीव कायदा हवा तो यासाठीच. गावठी बंदूक ज्याच्या त्याच्या हाती पडावी, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही.

मग काही मित्र विचारतात, "हत्याराची कला मेली तर मेली, तिच्यासाठी रडायचे कशाला?" या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. माझे उत्तर असे की बंदूक ही वस्तू वेगळी आणि तिच्यात साठलेली विद्या वेगळी. लोखंडाचा सांधा जुळवणे, पाणी देणे, कमान वळवणे, डोळ्याने सूत धरणे ही विद्या फाळातही लागते, होडीच्या खिळ्यातही लागते. पण तिची खरी कसोटी बंदुकीत लागे, कारण तिथे चूक झाली तर माणूस मरे. तलवारीला आपण देव्हाऱ्याशेजारी ठेवतो, खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतो. पूजेला हत्यार चालते आणि अभ्यासाला मात्र ते करणारा लोहार चालत नाही, हे कसले तर्कशास्त्र?

कायदा भेद करू शकतो, हेही खरे आहे. कोडगूमधल्या कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे आणि केंद्र सरकारने ती २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. तशी सूट मला आपल्याकडे नको आहे. जात आणि जमीन पाहून हत्यार देण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. पण बाळगणाऱ्यासाठी सरकार अपवाद करू शकते, तर शिकवणाऱ्यासाठी एखादी सुरक्षित जागा का करू शकत नाही? अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग येथे जुन्या पद्धतीची लोहारशाळा जपली आहे. तिथल्या वॉलेस गसलर नावाच्या कारागिराने अठराव्या शतकातली लांब नळीची चकमकीची रायफल आरंभापासून शेवटपर्यंत हाताने कशी घडवली, त्याचा चित्रपट १९६९ साली काढला गेला. अमेरिकेचे बंदुकीचे वेड आपल्याला नको. पण कारागिराचे नाव घेऊन, त्याचे हात दाखवून विद्या नोंदवण्याची त्यांची रीत घेण्यासारखी आहे.

म्हणून माझे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, आपल्या इतिहास आणि मराठी विभागांनी मिळून जिल्ह्यातल्या वृद्ध लोहारांकडून शब्द, मापे आणि कृती लिहून घ्याव्यात. कुणी बंदूक केली, हे विचारायचेच नाही. बंदूक कशी होत असे, एवढेच विचारायचे. दुसरी, एखाद्या सरकारी संस्थेने रीतसर परवाना घेऊन, बार न निघणारी, कापून आतला भाग दाखवणारी एक चकमकीची बंदूक या कारागिरांकडून करून घ्यावी आणि ती त्यांच्या नावानिशी ठेवावी. तिसरी, जुन्या परवानाधारक बंदुकांची दुरुस्ती रीतसर करता येईल असा परवाना लायक लोहारांना सुलभपणे मिळावा. नाहीतर नादुरुस्त नळी वापरून शेतकऱ्याचाच हात जायचा.

यातली पहिली गोष्ट करायला सरकारची वाट पाहावी लागत नाही. या कॉलेजात माझ्यासारखी कितीतरी मुले-मुली आहेत, ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे पहिले माणूस तेच. आपल्या आज्यापणज्यांनी घडवले, पण लिहिले नाही. लिहिणाऱ्यांनी घडवले नाही, म्हणून त्यांना त्यातले काही लिहिता आले नाही. दोन्हीकडची भाषा कळणारे आपणच पहिले आहोत. ज्यांना लोहारकाकांचे "खयसून" कळते आणि प्रबंधाची भाषाही समजते, त्यांनी हे काम करायचे नाही, तर कुणी करायचे?

रंजक, तोडा, जामगी, गज, दस्ता, घोडा, चाप, माशी. माझ्या वहीत आतापर्यंत सत्तावीस शब्द झाले आहेत. वही इतिहास विभागात ठेवली आहे. ज्याला भर घालायची असेल त्याने घालावी.