कल आणि कौल

दहावीचा निकाल हाती आला की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर मामाकडे किंवा शेजारच्या इंजिनिअर गृहस्थांकडे मागितले जाई. आता ते मोबाइलच्या पडद्यावर शोधले जाते. काही प्रश्नांची उत्तरे द्यावीत, बटण दाबावे आणि आपण कोण व्हावे हे क्षणार्धात वाचावे, अशी सोय झाली आहे. या सोयीचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तिच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा धरावी, याचा विचार झालाच पाहिजे. येथे चूक झाली तर तिची किंमत मुलाच्या आयुष्यातील वर्षांनी मोजावी लागते.

व्यवसाय-मार्गदर्शनाचा शास्त्रीय पाया बॉस्टन शहरी फ्रँक पार्सन्स यांनी घातला. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी सांगितलेल्या पायऱ्या तीन : स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती, आणि या दोहोंचा विवेकाने घातलेला मेळ. यांपैकी दुसऱ्या पायरीवर इंटरनेटने केलेले उपकार निर्विवाद आहेत. केंद्र सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय करिअर सेवा सुरू केली. २०२० मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी महाकरिअर पोर्टल आणले. कोणत्या अभ्यासक्रमास कोणती पात्रता लागते, कोणती शिष्यवृत्ती मिळते, ही माहिती पूर्वी शहरातील सुशिक्षित घरांची जवळजवळ मक्तेदारी होती. ती गडचिरोलीच्या मुलीलाही मिळू लागावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

अडचण आहे ती पहिल्या पायरीवर. आपल्या राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी २०१६ मध्ये सुरू झाली. कृषी, वाणिज्य, कला, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोणीकडे आहे, हे त्यातून पाहिले जाई. ‘कल’ हा शब्द फार समर्पक होता. कल म्हणजे झुकणे; झुकलेले झाड दुसऱ्या बाजूलाही वाढू शकते. परंतु अनेक घरांत या कलाचा कौल झाला. कोकणात देवापुढे कौल लावतात आणि मिळालेल्या उत्तरापुढे मान तुकवतात. तीच श्रद्धा आता पडद्यावरील अहवालाच्या वाट्याला येऊ लागली आहे. आधुनिक यंत्रापुढे आपण जुन्याच रीतीने हात जोडून उभे आहोत.

या श्रद्धेस सावध करणारा एक प्रयोग आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व-चाचणी घेतली आणि प्रत्येकास त्याचे ‘स्वतंत्र’ वर्णन दिले. ते किती अचूक आहे, असे विचारता विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले. वस्तुतः सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि तो बहुतांशी भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. तेव्हा ‘अगदी माझेच वर्णन आहे’ असे वाटणे हा चाचणी खरी असल्याचा पुरावा नव्हे.

सर्वच चाचण्या अशा पोकळ असतात, असे मात्र नाही. जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर आधारलेली एक प्रश्नावली अमेरिकेच्या श्रम खात्याने ‘ओनेट’द्वारे विनामूल्य उपलब्ध केली आहे. स्वयंपाकघरातील कपाटे तयार करणे आवडेल काय, विटा किंवा फरशा बसवणे आवडेल काय, असे तीत विचारले आहे. आपल्याकडील मध्यमवर्गीय मुलगा त्याला काय उत्तर देईल? रंधा त्याने कधी हाती धरलेला नसतो, आणि सुतारकाम आपल्यासाठी नव्हे, हे न सांगताही त्याला शिकवलेले असते. तो ‘नाही’ म्हणतो. हे ‘नाही’ त्याच्या आवडीचे आहे, की घराच्या प्रतिष्ठेचे, हे ओळखण्याचे साधन त्या प्रश्नावलीपाशी नाही. सुताराच्या मुलाने दिलेले ‘होय’ही तितकेच तपासून घ्यावे लागेल.

आम्ही काही वर्षे वर्गावर उभे राहिलो आहोत. शेवटच्या बाकावरचा एक विद्यार्थी आम्हांस आजही आठवतो. आपल्याला काहीच येत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. एका सहलीत मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकी आला नाही. तेव्हा याच मुलाने साठ जणांचा शिधा मोजून घेतला, कामे वाटली, लहानांना आधी जेवू घातले आणि उरलेल्या पैशांचा हिशेब आमच्या हाती ठेवला. त्या दिवशी त्याला कोणी प्रश्नावली दिली असती, तर ‘मला योजना आखता येते’ या विधानापुढे त्याने ‘नाही’ असेच लिहिले असते. स्वतःविषयीची माहिती अनेकदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी मिळते. तो दुसरा कोणीतरी मुलाजवळ असावा लागतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विद्यार्थ्याने चाचणी अवश्य द्यावी. सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी, आणि काय बदलले ते पाहावे. अहवाल घेऊन तो शिक्षकांकडे जावा, आणि त्या व्यवसायात प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसाजवळ निदान दोन दिवस बसावा. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे काम शिकावे, अशी शिफारस २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच केली आहे. हे दहा दिवस सहलीत अथवा भाषणांत वाया जाऊ नयेत, हे पाहणे शाळांचे कर्तव्य आहे. पालकांनीही एक सावधगिरी बाळगावी. फुकट चाचणीच्या आरंभीच मोबाइल क्रमांक मागितला जात असेल, तर तो कशासाठी, हे विचारावे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा जो कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे, ती याच कारणाने.

सरकारने पोर्टले काढली, हे चांगलेच झाले. परंतु शाळेत समुपदेशक नसेल आणि शिक्षकास मुलाशी दोन शब्द बोलण्याइतकी उसंत नसेल, तर पडद्यावरील अहवाल मुलाने एकट्यानेच वाचायचा आणि एकट्यानेच मानायचा, हीच गत होणार. पंधरा वर्षांच्या मुलावर एवढा भार टाकून आपण मोकळे होऊ नये. कल यंत्राने सांगावा. कौल देण्याचा अधिकार मात्र त्या मुलाचाच राहिला पाहिजे, आणि तो देताना आपण वडीलधारी माणसे त्याच्या शेजारी असलो पाहिजे.