नाव नको, नोंद हवी

ऐन दिवाळीत विषाची गोष्ट काढू नये, हे कळते. पण विष सणवार पाहून थांबत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या मेफेड्रोनचा माग काढीत पोलीस सांगलीजवळच्या कुपवाडला पोचले. २०२५ च्या जानेवारीत विट्याशेजारी कार्वे येथे त्याचा कारखानाच सापडला. हळदीच्या आणि द्राक्षांच्या जिल्ह्यात हा नवा धंदा! साताऱ्याने यावर नाक मुरडू नये. कृष्णाकाठ दोघांचा एकच आहे.

यावर काही सद्गृहस्थ उपाय सुचवितात. नशा जादा होऊन कोणी बेशुद्ध पडला, की १०८ च्या रुग्णवाहिकेवरील डॉक्टरने त्याचे नाव तत्काळ पोलिसांना कळवावे. तशी सक्तीच असावी. ऐकायला किती सोपे! पण मग १०८ ला फोन करणार कोण?

बेशुद्ध पडलेला माणूस फोन करीत नसतो. करतो तो त्याचा सोबती, आणि तोही बहुधा त्याच पुडीचा भागीदार. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने नुसत्या सेवनालाही तुरुंगवास होऊ शकतो. त्याच कायद्याच्या ६४-अ कलमाने, आपण होऊन उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट ठेवली आहे. पण मित्रासाठी फोन करणाऱ्या पोराला अभय कोणाचे? ते पोर पळून जाईल. हेरॉईनने श्वास मंदावलेल्याला नॅलॉक्सोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर तो वाचू शकतो. मेफेड्रोनवर तर असा नेमका उताराही नाही. दोन्हीकडे हिशेब मिनिटांचा!

धाकाने काय होते, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांसाठी घरे झडली, तेव्हा लोकांनी रोगी दडविले. उलट २०१२ साली क्षयाच्या रोग्याची वर्दी देणे डॉक्टरांना सक्तीचे झाले. ती वर्दी आरोग्यखात्याकडे जाते, आणि रोग्याला औषध मिळते. सक्ती दोन्हीकडे होती. फरक एवढाच, की एकीकडे वर्दीमागून शिपाई आला, दुसरीकडे औषध.

“म्हणजे नशाबाजांना मोकळे रान?” असे कोणी विचारील. मुळीच नाही. कारखानदार धरा, विकणारे धरा. घातपाताचा संशय असेल, मृत्यू झाला असेल, तेथे पोलिसांना वर्दी जावीच. एरवी गाव, दिवस, वय आणि पदार्थ एवढीच नोंद जिल्हा शल्यचिकित्सकाकडे जाऊ द्या. मिरजेत एका आठवड्यात चार पोरे पडली एवढे जरी कळले, तरी घातक माल आल्याचा सुगावा लागेल. त्यासाठी पोरांची नावे कशाला हवीत?

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ सालीच मदत मागणाऱ्याला कायद्याने अभय दिले. आपणही नियम करायचा तर असा करावा: नोंद सक्तीची, नाव गुप्त, आणि फोन करणाऱ्याला अभय. आधी पोर जगू द्या. त्याला शहाणे करायला आईबाप आहेत, आम्ही मास्तर आहोत.