मिसरूड उशिरा फुटलं म्हणून...

वर्गातल्या सगळ्यांचा आवाज फुटला, तुमचा अजून तसाच. किंवा सगळ्या मैत्रिणींना पाळी सुरू झाली, तुम्हाला नाही. मग कुणीतरी म्हणतंच, 'हार्मोन्सचा लोचा असेल!' पिंपल आला तरी हार्मोन्स, चिडचिड झाली तरी हार्मोन्स. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे, पण बऱ्याच वर्गांत तो 'घरी वाचा' एवढ्यावरच संपतो. राहिलेला भाग मग जिममधला एखादा दादा शिकवतो, नाहीतर रील.

म्हणून आधी हे नीट समजून घ्या. वयात येण्याची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तो थांबून थांबून, ठोके पडावेत तसं, जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडतो. ते पोचतं खालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीकडे, म्हणजे पुस्तकातल्या पीयूषिकेकडे. ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स रक्तात सोडते. हा निरोप मिळाला, की मुलींची अंडाशयं इस्ट्रोजेन बनवायला लागतात आणि मुलांची वृषणं टेस्टोस्टेरॉन. गंमत म्हणजे तुम्ही तान्हे होतात तेव्हा ही यंत्रणा काही महिने चालू होती! मग मेंदूनेच ती झोपवून ठेवली. ती पुन्हा जागी होते तीही आधी रात्री, तुम्ही गाढ झोपेत असताना.

कधी? मुलींमध्ये साधारण 8 ते 13, मुलांमध्ये 9 ते 14 या वयात केव्हाही. म्हणजे एकाच बाकावरच्या दोघांमध्ये चार-पाच वर्षांचा फरक पडू शकतो आणि दोघंही नॉर्मल असतात. आई किंवा बाबा उशिरा वयात आले असतील, तर मुलांचंही अनेकदा तसंच होतं. पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, कारण मेंदू आणि अंडाशयांचा ताळमेळ अजून बसायचा असतो. कित्येक मुलांची छाती थोडी फुगते, दुखते. लाजेने कुणी बोलत नाही. इस्ट्रोजेन मुलांच्या शरीरातही असतं, त्याचा हा परिणाम. बहुतेकांचा दीड-दोन वर्षांत आपोआप जातो.

पण एवढा धीर आहे कुणाला? मिसरूड नाही, दंड भरत नाहीत, म्हणून 16-17 वर्षांची पोरं कुणाच्या तरी सल्ल्याने स्टेरॉईडची इंजेक्शनं घेतात. हे धोक्याचं आहे, आणि का ते वरच्या साखळीतच आहे. मेंदू रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सतत मोजत असतो. बाहेरून भरपूर आलं, की तो म्हणतो, 'झालं की पुरेसं!' आणि निरोप पाठवणं बंद करतो. एलएच, एफएसएच घसरतात, वृषणं आकसतात, शुक्राणू कमी होतात. इंजेक्शन थांबवलं तरी गाडी रुळावर यायला कित्येक महिने जातात. शिवाय या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन होतो आणि तेच हाडांची वाढीची टोकं बंद करतं. मोठं दिसायला गेलेला मुलगा उंचीच गमावून बसतो. मिसरूड फुटायची वाट बघणाऱ्या पोराला हे विकणाऱ्याला 'ट्रेनर' म्हणायची आमची तयारी नाही.

मुलींमध्ये 13 पर्यंत स्तनांची वाढ किंवा 15 पर्यंत पाळी नाही, मुलांमध्ये 14 पर्यंत काहीच बदल नाही, किंवा हे सगळं 8-9 च्या आधीच सुरू झालं, तर डॉक्टरकडे जा. घाबरू नका. डॉक्टर उंची-वजन बघतील, लागलं तर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगतील; हाडांचं वय त्यातून कळतं. आणि आई-बाबांना विचारतील, 'तुमचं कधी झालं होतं?' तेव्हा कानकोंडे तेच होतील, तुम्ही नाही.