सवयीची मक्तेदारी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची नियमित मोफत दुरुस्ती-सेवा थांबविली. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारी असंख्य धडधाकट यंत्रे त्या एका निर्णयाने जुनी ठरली. साहजिकच लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीकडे वळण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. परंतु ती परवान्याच्या खर्चापाशीच घुटमळते आहे. वस्तुतः अशा बदलाचे यशापयश पैशापेक्षा वापरणाऱ्याच्या अपेक्षांवर अधिक ठरते.

नवी प्रणाली स्वीकारणाऱ्याची अपेक्षा बहुधा अशी असते की, सारे काही पूर्वीसारखेच असावे, फक्त किंमत नसावी. ही अपेक्षा निसर्गदत्त नव्हे. संगणक शिकणे म्हणजे एका कंपनीचा माल वापरायला शिकणे, असे समीकरण वर्षानुवर्षे प्रशिक्षणवर्गांतून आणि कचेऱ्यांतून रुजविले गेले. याची गंमत अशी की, २०१२ साली ‘विंडोज ८’मधून खुद्द कंपनीनेच परिचयाचे ‘स्टार्ट’ बटण काढून टाकले. ओरड झाली, २०१३ मध्ये बटण परत आले. पण तेवढ्यावरून विंडोज कामाची नाही असा निकाल कोणी दिला नाही. तीच गैरसोय मुक्त प्रणालीत झाली की मात्र तो तिच्या नालायकीचा पुरावा ठरतो. मालकाचा बदल ‘प्रगती’ आणि समाजाचा बदल ‘अडचण’, असा हा न्याय आहे. मक्तेदारीचे खरे बळ कराराच्या कागदात नसून या सवयीत आहे.

जर्मनीतील म्युनिक शहराचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. सोशल डेमोक्रॅट महापौर क्रिस्टियान ऊडे यांच्या कारकिर्दीत, २००३ साली, नगरपरिषदेने लिनक्सकडे वळण्याचे ठरविले. तो निर्णय टळावा म्हणून मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर जातीने महापौरांना भेटले. तरीही २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक नव्या प्रणालीवर आले. मात्र पुढे नेतृत्व बदलले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी पुढे केल्या गेल्या आणि २०१७ साली विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. बाहेरून येणारी कागदपत्रे नीट न उघडणे यांसारख्या काही तक्रारी खऱ्या होत्या. पण विस्कळीत तांत्रिक व्यवस्थेच्या दोषांचे खापरही प्रणालीच्याच माथी फुटले.

येथे कर्मचाऱ्याला दोष देऊन मोकळे होणे हे समाजवाद्याला शोभणारे नाही. कारकुनाचे हस्तकौशल्य हीच त्याची पुंजी असते. टंकलेखन यंत्राच्या कळपाटावर मराठीचा हात बसलेल्या माणसापुढे एके सकाळी ‘इनस्क्रिप्ट’ कळपाट ठेवला, तर त्याचा वेग घटतो आणि साहेबाच्या दृष्टीने तो अकस्मात मठ्ठ ठरतो. जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये उघडताना अक्षरांचा खिचडा होतो, तोही त्यालाच निस्तरावा लागतो. अशा वेळी त्याचा विरोध प्रतिगामी नसतो. न विचारता लादलेल्या ओझ्याविरुद्धचा तो निषेध असतो. हेतू कितीही लोकहिताचा असो, वरून आलेल्या परिपत्रकाने सवय मोडत नाही.

दुसरा मार्ग केरळने दाखविला. तेथे २००१ साली सुरू झालेला शालेय संगणकशिक्षणाचा प्रकल्प त्याच दशकात मुक्त सॉफ्टवेअरवर उभा राहिला. शिक्षकांमधूनच प्रशिक्षक निवडले गेले, मल्याळम भाषेत काम करण्याची सोय झाली, आणि मुलांची पहिली ओळखच मुक्त प्रणालीशी झाली. ज्यांनी जुनी सवय कधी लावूनच घेतली नाही, त्यांना ती सोडण्याचे दुःखही झाले नाही.

श्लेस्विग-होल्स्टाइन या जर्मन राज्याने २०२४ साली सुमारे ३० हजार संगणकांसाठी असाच निर्णय घेतला, तेव्हा आधी लिब्रेऑफिससारखी रोजच्या कामाची साधने बदलावयाची आणि मूळ प्रणाली मागाहून, असा क्रम ठेवला. ग्रंथालये, सहकारी संस्था आणि पक्षकचेऱ्या यांना हा क्रम सहज अनुसरता येईल. त्यासाठी शिकण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा लागेल, अडचण सोडविणारा माणूस हाताशी द्यावा लागेल आणि पहिले काही महिने काम मंदावेल हे आधीच मोकळेपणाने सांगावे लागेल. ‘फुकट’ म्हणून दिलेली वस्तू पहिल्या अडचणीला टाकून दिली जाते. स्वतःची म्हणून शिकलेली वस्तू माणसे सांभाळतात.