कोड शिकवता, मग सूचना वाचायलाही शिकवा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुलांनी बनवलेलं अ‍ॅप ‘ऑनलाइन टाकलं’ म्हणजे नेमकं कुठे टाकलं, हे आपण कधी विचारतो का? बहुतेक वेळा ते एखाद्या कंपनीच्या क्लाउड प्लॅटफॉर्मवर असतं. जागा फुकट मिळाली, तरी मालक दुसराच!

हेरोकूचंच उदाहरण घ्या. २००७ साली सुरू झालेल्या या सेवेवर छोटं अ‍ॅप विनामूल्य चालायचं, म्हणून शिकणाऱ्यांची ती आवडती. २५ ऑगस्ट २०२२ ला कंपनीने जाहीर केलं, की २८ नोव्हेंबरपासून मोफत योजना बंद. तीन महिन्यांची मुदत होती बरं का! वेळेत सूचना वाचणाऱ्याला डेटाबेसची प्रत उतरवून घेता आली, बिऱ्हाड दुसरीकडे हलवता आलं. कोड बहुधा आपल्या संगणकावर असतोच; पण वापरणाऱ्यांनी भरलेली माहिती तिथल्या डेटाबेसमध्येच असते. प्रत नसेल तर ती गेलीच.

म्हणून प्रोजेक्टचे गुण देताना ‘अ‍ॅप चालतंय का’ एवढ्यावर थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्लॅटफॉर्मने अलीकडे काय बदललं, हेही विचारा. असे बदल ‘चेंजलॉग’मध्ये तारखेनिशी मिळतात. मुलं मात्र जुने व्हिडिओ बघून शिकतात, आणि त्यात बंद झालेली योजनाही चालूच दिसते! डेव्हलपर मंडळी एकमेकांच्या अडचणी सोडवतात तीही उत्तरं उपयोगी, पण आधी तारीख बघायची.

सूचनांचं इंग्रजी अवघड जातं, हे खरं. मग मराठीच्या तासाला अशी एक सूचना द्या आणि तिचा मतलब चार ओळींत मराठीत लिहायला सांगा.